दहावीच्या अलीकडे थांबलेला जिल्हा

नंदुरबारच्या शिक्षणाविषयी कुठेही बोलणं निघालं की पहिला आकडा येतो तो ६४.४ टक्क्यांचा. २०११ च्या जनगणनेतली ही जिल्ह्याची साक्षरता. राज्याची सरासरी तेव्हा ८२.३ होती आणि राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांत शेवटचा क्रमांक नंदुरबारचा होता. स्त्रियांची साक्षरता तर ५६.५ टक्केच. भाषणांत, आराखड्यांत, वर्तमानपत्रांच्या बातम्यांत हा आकडा इतका फिरला आहे की जिल्ह्याची ओळखच तो होऊन बसला आहे. माझी तक्रार तो कमी आहे एवढीच नाही. जिल्ह्यातल्या मोठ्या माणसांचं शिक्षण किती झालं, हे त्यातून कळतच नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

जनगणनेत सात वर्षांवरचा जो कुणी कोणत्याही एका भाषेत समजून वाचू-लिहू शकतो, तो साक्षर. म्हणजे दुसरी-तिसरीतली मुलगी आणि तिची पस्तिशीतली आई एकाच हिशेबात धरली जातात. शाळेत जाणारी मुलं वाढली की टक्का चढतो. त्यासाठी एकाही मोठ्या माणसाने नवं काही शिकावं लागत नाही. २००१ मध्ये नंदुरबारची साक्षरता सुमारे ५५.८ टक्के होती, दहा वर्षांत ती साडेआठ टक्क्यांनी वाढली आणि त्याचं कौतुक झालं. मुलं शाळेत गेली, हे कौतुकाचंच. पण त्या दहा वर्षांत विशी-तिशी-चाळिशीतल्या माणसांच्या हाती काय आलं, हा प्रश्न त्या वाढीखाली झाकला गेला.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. साक्षर आणि निरक्षर अशा दोनच रांगा लावल्या की मधली सगळी माणसं दिसेनाशी होतात. चौथीनंतर धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसलेली मुलगी, सातवीला असताना आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेला मुलगा, आश्रमशाळेतून नववीत पळून आलेला, दहावीला गणितात किंवा इंग्रजीत अडकलेला आणि पुन्हा परीक्षेला न बसलेला, हे सगळे सरकारी हिशेबात साक्षर. त्यांचं काम झालं, असं धरून व्यवस्था पुढे निघून जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ८५ टक्के साक्षर निघाल्या, पण दहा किंवा अधिक वर्षं शाळेत गेलेल्या जेमतेम निम्म्या. राज्यभरात दर तीन स्त्रियांमागे एक या मधल्या पट्ट्यात अडकली आहे. ही सरासरी मुंबई-पुण्यासकट आहे. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात काय असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

माझं म्हणणं असं आहे : जिल्ह्याने साक्षरतेच्या टक्क्यामागे धावणं सोडावं आणि एक साधा प्रश्न स्वतःला दरवर्षी विचारावा. पंचवीस वर्षांवरच्या आपल्या किती माणसांची दहावी झाली आहे? आणि ज्यांची झाली नाही, त्यांना ती आज करायची असेल तर आपल्या तालुक्यात तशी सोय आहे का?

हा प्रश्न जगावेगळा नाही. अमेरिकेत प्रत्येक काउंटीसाठी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकासाठी, पंचवीस वर्षांवरच्या लोकांपैकी किती जणांचं शालेय शिक्षण पूर्ण झालं आणि किती जण पदवीधर आहेत, याचे अंदाज जनगणना खातं दरवर्षी नव्याने देतं. तिथल्या लहानशा गावातला वाचकही आपल्या भागाचा आकडा शेजारच्या भागाशी ताडून पाहू शकतो. आपल्याकडेही जनगणनेत प्रत्येकाला विचारतात की कुठवर शिकलात, आणि त्याचे जिल्हावार, वयवार तक्ते निघतात. पण ते दहा वर्षांनी एकदा. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता ती २०२७ मध्ये व्हायची आहे. २०११ मध्ये पंचवीस वर्षांचा असलेला माणूस तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा असेल. त्याच्या आयुष्यातली कमावती सोळा वर्षं आपण एका जुन्या आकड्यावर काढली.

वाट पाहायची मुळात गरजही नाही. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत, प्रत्येक आश्रमशाळेत मुख्याध्यापकांच्या कपाटात जनरल रजिस्टर असतं. कोण कधी दाखल झालं, कोणत्या इयत्तेत असताना शाळा सोडली, कोणत्या तारखेला, काय कारणाने, हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. म्हणजे गेल्या तीस वर्षांत गावातलं कोण कुठे थांबलं याची नावानिशी यादी गावातच पडून आहे. ती काढायला सर्वेक्षण नको, ॲप नको. ग्रामपंचायतीने आणि शाळेने मिळून एका उन्हाळ्यात हे काम होण्यासारखं आहे. शाळेत कधी गेलेच नाहीत त्यांची नावं त्यात नसतील, पण ती गावाला ठाऊक असतात. एवढी माहिती हाताशी असून ती काढावीशी न वाटणं, यात मला प्रौढांबद्दलची आपली सगळी वृत्ती दिसते.

दहावीच का, असं कुणी विचारेल. दहावी झाली म्हणजे माणूस शहाणा होतो, असं मी मुळीच म्हणत नाही. सातपुड्यातली अक्षरशत्रू म्हातारी माणसं जंगल, बियाणं आणि पाऊस यांबद्दल जे जाणतात ते कुठल्याही पुस्तकात नाही. प्रश्न शहाणपणाचा नाही, दारांचा आहे. आणि ही दारं सरकारनेच लावली आहेत. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, दोघींसाठीही २०२३ पासून बारावी उत्तीर्णची अट आहे, आणि बारावीची वाट दहावीतूनच जाते. त्याआधी मदतनीस सातवीवर लागत असे. पाड्यावरच्या बाईला घराजवळ मिळू शकणारी मानधनाची ती जवळपास एकमेव जागा. २०१७ मध्ये राज्याने कायदा केला की १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्याला सरपंच व्हायचं तर सातवी पास पाहिजे. हरियाणाने पंचायत निवडणुकीसाठी अशाच अटी घातल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ग्राह्य धरल्या. राजस्थानने मात्र आपल्या अटी २०१९ मध्ये मागे घेतल्या, आणि ते योग्य केलं असं मला वाटतं.

अटींच्या बाजूने आणि विरुद्ध बरंच बोलता येईल. मला त्यातली एक गोष्ट अन्यायाची वाटते, आणि ती स्पष्ट म्हणायला हवी. जे राज्य मोठ्या माणसाकडे प्रमाणपत्र मागतं, त्याने ते मिळवायची वाट त्या माणसाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ठेवलीच पाहिजे. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता. चौदा वर्षं उलटली की तो हक्क जवळपास संपला. मात्र अटी आयुष्यभर मागे लागतात. ज्या मुलीला १९९८ मध्ये शाळाच धड मिळाली नाही, शिक्षक महिन्यातून चार दिवस येत होते, तिच्याकडे आज बारावीचं प्रमाणपत्र मागायचं आणि ते नाही म्हणून तिला बाजूला करायचं, हे तिला दोनदा नाकारणं आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही, म्हणून तर खंत जास्त वाटते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला दिवसा शाळेत या म्हणणं म्हणजे येऊ नका म्हणणंच, हे त्यांना पावणेदोनशे वर्षांपूर्वी कळलं होतं. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, गावंच्या गावं साक्षर करायची आणि गावाने ते समारंभाने जाहीर करायचं. पुढे ती राज्यभर गेली. १९७८ च्या २ ऑक्टोबरला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं. केरळचा एर्नाकुलम १९९० मध्ये संपूर्ण साक्षर जाहीर झाला, पाठोपाठ आपल्याकडे सिंधुदुर्ग आणि वर्ध्यात मोहिमा झाल्या. त्या काळात गावोगाव कंदिलाच्या उजेडात वर्ग चालले, कलापथकं फिरली, महाविद्यालयातल्या पोरांनी आपल्या आईच्या वयाच्या बायांना बाराखडी शिकवली. त्या उत्साहाची टिंगल मी कधीच करणार नाही. त्यातून पुष्कळ बाया पहिल्यांदा घराबाहेर चार जणींत बसल्या, हेही मोठं काम होतं.

पण या सगळ्या मोहिमा पहिल्या पायरीवर थांबल्या. सही आली, पाटी वाचता आली, गाव साक्षर झालं, समारंभ झाला, मोहीम पुढच्या गावाला गेली. वाचायला पुढे काहीच नसल्याने दोन-चार वर्षांत अक्षरं पुसट झाली. २००९ च्या साक्षर भारत योजनेने लोकशिक्षण केंद्रं काढली, ग्रामपंचायतीत प्रेरक नेमले, दरमहा दोन हजार रुपये मानधनावर. ३१ मार्च २०१८ ला योजना बंद झाली आणि प्रेरक घरी बसले. आता २०२२ ते २०२७ या काळासाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, ज्याला ‘उल्लास’ म्हणतात. कागदावर त्याचा पाया चांगला आहे. नुसतं अक्षरज्ञान नव्हे, तर पाचवी, आठवी, दहावी, बारावी यांना समकक्ष शिक्षण, कौशल्यं आणि पुढचं निरंतर शिक्षण, हे सगळं त्याच्या उद्दिष्टांत लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात गावात पोचली ती पहिली पायरीच : पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांची यादी, बिनमानधनाचे स्वयंसेवक आणि दीडशे गुणांची एक चाचणी. यादी करायचं काम पुन्हा शिक्षकांच्याच गळ्यात पडलं आणि २०२३ मध्ये शिक्षक संघटनांनी त्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला. मला शिक्षकांना दोष द्यावासा वाटत नाही. निवडणूक, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरणं या सगळ्यानंतर संध्याकाळी फुकट प्रौढांचा वर्ग घ्या म्हणणं हे धोरण नव्हे, ओझं ढकलणं आहे.

राज्यातली ही पहिली चाचणी १७ मार्च २०२४ रोजी झाली. मार्च! नंदुरबारच्या माणसाला विचारून पाहा, मार्चमध्ये कोण गावात असतं. दिवाळी उरकली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, त्यांना ‘कोयता’च म्हणतात, दक्षिण गुजरातेतल्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी सुरतेकडे बांधकामावर. मुलंही बरोबर असतात. होळीसाठी सातपुड्यात माणसं कुठूनही घरी येतात, काठी गावची होळी चुकवत नाहीत, आणि सण झाला की उरलेला हंगाम पुरा करायला परत जातात. शालान्त मंडळाची दहावीची परीक्षाही फेब्रुवारी-मार्चमध्येच. पुरवणी परीक्षा जून-जुलैत, म्हणजे ऐन पेरणीत. शहरातल्या वर्षाच्या हिशेबाने आखलेलं हे वेळापत्रक या जिल्ह्यातल्या मजुराला बरोबर बाहेर ठेवतं. कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण परिणाम तोच.

आणि म्हणूनच हा प्रश्न जिल्ह्याचा आहे, असं मी आग्रहाने म्हणतो. पुण्यात बसून अख्ख्या राज्याचं एकच वेळापत्रक ठरवणाऱ्याला हे सुचणार नाही. धडगावच्या गटशिक्षणाधिकाऱ्याला ते रोज दिसतं. इथली माणसं जून ते ऑक्टोबर गावात असतात. पेरणी-निंदणीचे काही आठवडे सोडले तर संध्याकाळी दोन तास मिळू शकतात. पावसाळ्यात वर्ग आणि दिवाळीआधी परीक्षा, एवढा साधा बदल केला तर किती माणसं परीक्षेला बसतील! राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे. मुक्त शिक्षणाचा अर्थच मुळी शिकणाऱ्याच्या सोयीची वेळ. परीक्षेचं एखादं सत्र स्थलांतरित मजुरांच्या वर्षाला जुळवून घेणं या संस्थांना अशक्य नाही. मागणी मात्र जिल्ह्याकडून जायला हवी, आकडे आणि नावं हातात घेऊन. पुन्हा ते जनरल रजिस्टर.

आज एखाद्याला बाहेरून दहावी करायची तर सतरा नंबरचा फॉर्म भरायचा असतो. तो ऑनलाइन भरायचा, मूळ दाखला लावायचा, नेमून दिलेल्या शाळेत कागद नेऊन द्यायचे. दाखला हरवला असेल तर प्रतिज्ञापत्र. तोरणमाळच्या किंवा मोलगीच्या पलीकडच्या पाड्यावरून यासाठी दोन-तीन खेपा घालायच्या म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडवायची. सरदार सरोवरात महाराष्ट्राची तेहेतीस गावं बुडाली, अक्राणी (म्हणजे धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. मणिबेलीसारख्या ठिकाणची माणसं आजही बोटीने ये-जा करतात. अशा माणसाने सायबर कॅफेत रांग लावून अर्ज भरावा ही अपेक्षाच चुकीची. अर्ज त्याच्याकडे गेला पाहिजे. आठवडे बाजाराच्या दिवशी शाळेचा कारकून रजिस्टर आणि शिक्का घेऊन धडगावच्या बाजारात बसला तर ते काम सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपेल.

भाषेचा मुद्दा मी थोडक्यात मांडतो, कारण त्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. इथल्या घरांत भिली, पावरी, मावची बोलतात, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. मराठी ही शाळेत भेटणारी भाषा. मुलांच्या बाबतीत हे आता निदान मान्य झालं आहे. नर्मदेकाठच्या जीवनशाळांनी, म्हणजे नर्मदा बचाव आंदोलनाने चालवलेल्या शाळांनी, तर नव्वदच्या दशकातच मुलांना त्यांच्या बोलीतून सुरुवात करून दिली. मोठ्या माणसाला मात्र अजून थेट प्रमाण मराठीतली पुस्तिका हातात देतात आणि तो दोन आठवड्यांत यायचा थांबला की ‘यांना शिकायचंच नाही’ म्हणून मोकळे होतात. गावातलाच बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी, जिला दोन्ही भाषा येतात, तिला रीतसर मानधन देऊन शिकवायला घेतलं तर अर्धा प्रश्न सुटतो. मानधन द्यायलाच हवं. फुकटच्या कामावर उभी राहिलेली प्रौढ शिक्षणाची कुठलीही मोहीम आपल्याकडे टिकलेली नाही.

आता मुख्य आक्षेप. पैसा थोडा आहे, तो मुलांवर घाला. आजची मुलं शिकली की उद्याचे प्रौढ आपोआप शिकलेले असतील. हा विचार ऐकायला बिनचूक वाटतो, आणि गेली पन्नास वर्षं आपण तो ऐकत आलो आहोत. पण गळती थांबलेली नाही. दरवर्षी आठवी-नववीतून बाहेर पडणारी मुलं चार वर्षांत प्रौढ होतात आणि तीच रांग पुन्हा भरते. दुसरं म्हणजे, मुलांचं शिक्षण आणि आईवडिलांचं शिक्षण यांत भिंत घालता येत नाही. आईचं शालेय शिक्षण आणि मुलाचं वजन, लसीकरण, शाळेतली हजेरी यांचा संबंध आरोग्य सर्वेक्षणांमधून वारंवार दिसला आहे. नंदुरबारचं कुपोषण दर पावसाळ्यात बातमी होतं. त्याच्याविरुद्धच्या उपायांच्या यादीत ‘आईची दहावी’ मी अजून पाहिलेली नाही. तीस वर्षांची बाई पुढे तीस वर्षं राबणार, मत देणार, ग्रामसभेत बसणार, नातवंडं वाढवणार. तिला हिशेबातून वगळून जिल्हा कुठला पुढे जाणार?

आणखी एक आक्षेप तरुणच घेतात : दहावी-बारावी करून नोकरी कुठे आहे? खरं आहे, नोकऱ्या नाहीत. पण शिक्षणाचा उपयोग नोकरीपुरताच असता तर या जिल्ह्याचा इतिहास वेगळा झाला असता. शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात आदिवासींच्या जमिनी सावकारांकडे आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे गेल्या त्या अंगठ्यांवर गेल्या. कागदावर काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या प्रश्नावर माणसं उभी केली, श्रमिक संघटना झाली, आणि १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्याला करावा लागला. तेव्हा लढाई अंगठ्याच्या कागदाशी होती. आज ती वनहक्क दाव्याच्या, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागण्याच्या, कागदाशी आहे. २००६ च्या कायद्याखाली दावा करायचा तर अर्ज, पुरावे, नकाशा, ग्रामसभेचा ठराव, उपविभागीय समितीचा निर्णय, नामंजूर झाल्यास साठ दिवसांत अपील. सही करता येणं आणि हा निर्णय वाचून त्यात आपल्यावर कुठे अन्याय झाला हे ओळखणं यांत पुष्कळ अंतर आहे. ते अंतर साक्षरतेच्या दीडशे गुणांच्या चाचणीत कापलं जात नाही, दहावीपर्यंतच्या सलग शिक्षणात कापलं जाऊ शकतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचं एकविसावं प्रकरण प्रौढ शिक्षणाचं आहे, आणि शाळांच्या इमारती वर्ग सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी प्रौढांसाठी वापराव्यात, असं त्यात म्हटलेलं आहे. नंदुरबारमध्ये इमारतींची वाण नाही. आश्रमशाळा आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, तालुक्याला महाविद्यालयं आहेत. संध्याकाळी सहानंतर त्यांतल्या बहुतेकांना कुलूप असतं. जिल्हा नियोजन समिती दरवर्षी आराखडा करते, आदिवासी उपयोजनेचा निधी त्यात असतो, रस्ते आणि सभागृहं त्यातून होतात. सहा तालुक्यांत सहा संध्याकाळच्या शाळा, प्रत्येकी चार-पाच मानधनावरचे शिक्षक, वीज, पुस्तकं, परीक्षा शुल्क आणि लहान मुलं घेऊन येणाऱ्या बायांसाठी बाजूला एक पाळणाघर, याचा खर्च एखाद्या मध्यम सभागृहाहून फार वेगळा असणार नाही. पाळणाघर मी मुद्दाम लिहिलं आहे. ते नसेल तर वर्गात पुरुषच दिसतील आणि ५६ टक्क्यांचा तो आकडा ज्यांचा, त्या बाहेरच राहतील.

या जिल्ह्यातले लोकप्रतिनिधी, जिल्हा परिषद सदस्य आणि शिक्षणाधिकारी यांना माझं मागणं एवढंच आहे की पुढच्या वार्षिक आराखड्यात मुलांच्या पटसंख्येच्या तक्त्याशेजारी दुसरा तक्ता यावा : गाव, पंचवीस वर्षांवरची लोकसंख्या, त्यांपैकी दहावी झालेले पुरुष, दहावी झालेल्या स्त्रिया, या वर्षी परीक्षेला बसलेले आणि उत्तीर्ण झालेले. आणि तो तक्ता २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, माणसं ऊसतोडीला निघून जाण्याआधी.